बारीकबाईंचे साठ तुकडे

बारीकबाई बाहेर कुठेही काही खात नसत. प्रवासाला निघाल्या की डबा घेऊन निघत, कुणाच्या घरी समारंभ असला तर आधी जेवून जात. दवाखान्यात गोळी घ्यायला पाण्याचा पेला पुढे आला तर तो उजेडाकडे धरून आतून बघत. नातेवाइकांना वाटे, बाई नखरेल आहेत. कारण वेगळंच होतं. त्या खाद्य तपासणीच्या कार्यालयात कामाला होत्या आणि शहरातल्या पाचसहाशे स्वयंपाकघरांच्या आतल्या बाजू त्यांनी फोटोत पाहिल्या होत्या.

बारीकबाई हे नाव कार्यालयानं ठेवलेलं. अंगानं त्या चांगल्या भरलेल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर जायचं तर पहिल्यावर थांबून दम घ्यायच्या. पण काम फोटो बारीक करण्याचं. तपासनीस हॉटेलं, खानावळी, बेकऱ्या तपासून यायचे आणि फोनमध्ये ढीगभर फोटो आणायचे. एकेक फोटो पाचसहा एमबीचा. खात्याच्या पोर्टलवर मात्र पाचशे केबीच्या वरची फाइल चढत नसे. म्हणून दिवसाला दोनतीनशे फोटो उघडायचे, लहान करायचे, जपून ठेवायचे, मग पुढचा उघडायचा.

उघडायचा म्हणजे बघायचा. तेलाच्या डब्यात बुडालेली पाल. फ्रीजच्या रबराला धरलेली हिरवी बुरशी. भाजी चिरायच्या फळीवर वाळत घातलेला मोजा. पिठात वळवळणाऱ्या अळ्या. बारीकबाईंनी हे अकरा वर्षं पाहिलं. घरी भात वाढताना त्या शितं बोटानं पसरून बघायच्या. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, स्वभावानं गरीब माणूस. तो म्हणायचा, "तू वाढू नकोस, मी वाढून घेतो. तू बघायला लागलीस की मलाही दिसायला लागतं."

घरात धाकटी नणंदही राहायची. लग्न केलेलं नव्हतं, चाळिशी उलटलेली, एका फोटो लॅबमध्ये अल्बम तयार करण्याचं काम. तोंडानं फटकळ, हातानं चलाख. एका रविवारी ती वहिनीला कार्यालयाचं काम घरच्या संगणकावर करताना बघत होती. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "वहिनी, तू हे एकेक करतेस?"

"मग कसं करायचं?"

"सरक."

नणंदेनं पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्र ना बटण, नुसता एक लुकलुकणारा दांडा. तिनं एक ओळ टाइप केली. "हे बघ. हा हुकूम. इथं रुंदी, सोळाशे. इथं दर्जा, सत्तर. शंभर म्हणजे जसाच्या तसा, जितका आकडा खाली आणशील तितकी फाइल हलकी आणि फोटो वाईट. आणि शेवटी ही चांदणी, म्हणजे या फोल्डरमधले सगळे." तिनं एंटर दाबलं. दोनशे ऐंशी फोटो दीडेक मिनिटात बारीक झाले.

बारीकबाई बघत राहिल्या. "उघडले कधी?"

"उघडत नाही तो. आतल्या आत करतो. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. हा हुकूम मूळ फोटोच बदलून टाकतो, म्हणून आधी मूळ फोटोंची नक्कल दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवायची. आणि काम झालं की एकदोन फोटो उघडून बघत जा, नीट आलेत का."

पहिली गोष्ट बारीकबाईंनी पाळली. दुसरी पाळली नाही. एकही फोटो उघडावा लागणार नाही याचाच त्यांना इतका आनंद झाला होता की तो बोलून दाखवायचीही सोय नव्हती. अकरा वर्षांत पहिल्यांदा कार्यालयात बसून त्यांना पाली, बुरशी, अळ्या यांतलं काही बघावं लागत नव्हतं. सकाळी ओळ टाकायची, चहा प्यायचा, येऊन पोर्टलवर चढवायचं. दोन महिन्यांत त्या शितं पसरेनाशा झाल्या. चार वाजता साहेबांच्या केबिनमधून बिस्किटांचा डबा फिरायचा, त्यालाही त्या इतकी वर्षं हात लावत नसत. आता दोन घ्यायला लागल्या. लोण्याची बिस्किटं, खुसखुशीत. दर गुरुवारी नवा डबा यायचा.

मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. "बारीकबाई, सर्व्हर भरत आलाय. आता सगळे फोटो शंभरच्या आत आणा."

"शंभर केबी? नीट दिसेल का साहेब?"

"घाण ती घाण. तिला कसले बारकावे असतात?"

बारीकबाईंनी ओळीतले दोन आकडे बदलले. सोळाशेच्या जागी आठशे, सत्तरच्या जागी पंचवीस. आणखी महिन्याभरानं साहेब पुन्हा म्हणाले, "ते मूळ फोटोंचं काय लोढणं ठेवलंय? जागा अडते. काढून टाका." त्यांनी तेही काढलं. त्यालाही एक ओळ पुरली. तपासनीसांचे फोन कार्यालयाचेच होते आणि दर सोमवारी रिकामे व्हायचे. म्हणजे फोटो उरले ते तेवढेच, पंचवीसवाले. ते कुणी उघडले नाहीत. बारीकबाईंनी तर नाहीच.

असे सात महिने गेले.

कार्यालयात एक जुने तपासनीस होते. त्यांना बारमाही सर्दी. नाक इतकं गेलेलं की गॅस सुटला तरी कळायचं नाही. सगळे त्यांना सर्दीवाले म्हणत. या नोकरीत असं नाक म्हणजे वरदानच आहे, असं ते स्वतःच सांगायचे. एका दुपारी ते बारीकबाईंच्या टेबलाशी आले आणि त्यांनी एक छापील कागद पुढे ठेवला.

"हे काय आहे, सांगा बरं."

बारीकबाईंनी चष्मा लावला. "पीठ वाटतंय."

"आणि हे काळं काळं?"

"तीळ?"

"सुनावणीत बेकरीचे वकील म्हणाले, मनुका. बेकरी आहे, मनुका असणारच. अधिकाऱ्यांनी फोटो मोठा करून पाहिला, त्यांनाही सांगता येईना. प्रकरण बंद. पुराव्याअभावी." सर्दीवाल्यांनी रुमालानं नाक पुसलं. "मी फोटो काढला तेव्हा त्या उंदराच्या लेंड्या होत्या, बारीकबाई. पोत्यापाशी ओणवा होऊन काढला. गुडघा अजून धरलाय."

बारीकबाईंनी पोर्टलवरून तो फोटो उघडला. मोठा केला तसे त्याचे राखाडी चौकोन झाले, धुतलेल्या फरशीसारखे. त्यांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. झुरळ चहाच्या डागासारखं दिसत होतं. अळ्या शितांसारख्या. बुरशी लागलेली भिंत तर नुकता रंग दिल्यासारखी गुळगुळीत. त्या वीसपंचवीस फोटो बघत गेल्या आणि त्यांना मळमळायला लागलं. घाण बघून मळमळायची त्यांना सवय होती. इथं डोळ्यांना घाण दिसतही नव्हती.

"मूळ फोटो द्या, मी अपिलात जातो," सर्दीवाले म्हणाले.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"काढून टाकले. साहेबांनी सांगितलं म्हणून." आणि मग हळू आवाजात, "मी काढले."

त्यांनी तिथूनच नणंदेला फोन लावला. बारीक केलेला फोटो परत मोठा करता येतो का, असं विचारलं. नणंद म्हणाली, "वहिनी, दळलेल्या पिठाचे तू मला गहू करून मागतेस."

सर्दीवाले उभेच होते. त्यांची नजर टेबलावरच्या डब्याकडे गेली. गुरुवार होता, डबा नुकताच फिरून आला होता. "ही बिस्किटं कुठून येतात?"

"साहेबांच्या केबिनमधून."

"आणि केबिनमध्ये कुठून येतात?"

बारीकबाईंनी डब्याचं झाकण उलटं करून बघितलं. त्यावर बेकरीचं नाव होतं. तेच नाव छापील कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होतं. त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले, मग रोजची दोन बिस्किटं मोजायला घेतली आणि मध्येच उठून बेसिनकडे गेल्या. बराच वेळ नळ चालू राहिला.

साहेबांनी पैसे खाल्ले असं पुढेही कुणी सिद्ध केलं नाही, तेव्हा आपणही म्हणू नये. बिस्किटं खाल्ली, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी बारीकबाईंनी पोर्टलवर सात महिन्यांची प्रकरणं काढली. "पुराव्याअभावी बंद" अशा शेऱ्याची एक्केचाळीस होती. त्याआधीच्या सात महिन्यांत पाच होती. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, फोटो परत पाचशेवर नेऊ या. शंभरात काही दिसत नाही. एक्केचाळीस प्रकरणं गेली."

"शंभर म्हणजे शंभर."

"तसं लिहून द्याल?"

साहेबांनी मान वर केली. "बाई, नोकरी किती वर्षं करताय तुम्ही? तोंडी सांगितलेलं कळत नाही?"

त्यांच्या मिशीत बिस्किटाचा एक कण अडकला होता. ते बोलत होते तसा तो वरखाली होत होता. पुढं साहेब काय बोलले ते बारीकबाईंना नंतर आठवेना. तो कण आठवत राहिला.

घरी त्यांनी नणंदेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मीच शिकवलं म्हणायचं."

"तू सांगितलं होतंस, एकदोन उघडून बघत जा. मला बघायचं नव्हतं म्हणून मी बघितलं नाही. साहेब काय, ते तसेच आहेत. पण मला स्वतःचीच किळस आलीय गं. अकरा वर्षं बघितलं तेव्हा आली नाही अशी."

नणंदेनं नुसतं ताट वाढून पुढं ठेवलं.

पंधरा दिवसांनी त्याच बेकरीविरुद्ध नवी तक्रार आली. एका बाईंना पावात काहीतरी सापडलं होतं. नवी तक्रार म्हणजे नवी तपासणी, आणि तपासणीला साक्षीदार म्हणून कार्यालयातलं आणखी एक माणूस लागायचं. नेहमी जाणारा शिपाई रजेवर होता.

"मी येते," बारीकबाई म्हणाल्या.

सर्दीवाले त्यांच्याकडे बघत राहिले. "जमेल का तुम्हाला? वास असतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

"लोक सांगतात."

दोघं सकाळी अकराला पोचले. पुढचं दुकान काचेसारखं लख्ख. मालक किडकिडीत, स्वच्छ नखांचा, अघळपघळ बोलणारा. त्यानं आल्या आल्या केकची बशी पुढे केली. बारीकबाईंनी हात मागे घेतले. आतली भट्टीची खोली नुकतीच पुसलेली होती, फरशी अजून ओली. कुणीतरी आधी कळवलं असावं. सर्दीवाल्यांनी ट्रे बघितले, कणीक मळायचं यंत्र बघितलं, कपाटं उघडली. सगळं जागच्या जागी.

"आधीही स्वच्छच होतं साहेब," मालक म्हणाला. "उगाच तुम्हाला त्रास."

बारीकबाई मात्र दारातच थबकल्या होत्या. अकरा वर्षांत फोटोला कधी वास आला नव्हता. इथं जिऱ्यालोण्याच्या वासाच्या खालून दुसरा एक वास येत होता, आंबूस, कुबट, नाकात टोचणारा. त्यांनी पदर नाकाला लावला, मग काढला, कारण लावला तर वास कुठून येतो ते कळेना. त्या भिंतीच्या कडेनं चालत गेल्या. भट्टीपाशी वास कमी झाला. मागं वळून कोपऱ्याकडे आल्या तसा वाढला. कोपऱ्यात रिकाम्या ट्रेंची छतापर्यंत थप्पी लावलेली होती.

"इथं," त्या म्हणाल्या.

"तिकडं काही नाही बाई. मागं जुनं सामान आहे. बंद खोली."

"जुन्या सामानाला असला वास नसतो."

सर्दीवाल्यांनी ट्रे उतरवायला सुरुवात केली. मालकानं एकदोनदा मध्ये हात घातला, मग काढून घेतला. ट्रेंमागं प्लायवुडचं दार होतं, नुसतं टेकवलेलं.

आत पिठाची पोती होती. तळाची कुरतडलेली, पीठ जमिनीवर सांडून ओलाव्यानं काळं पडलेलं. त्यावर लेंड्या, आणि बारीक पावलांच्या रांगाच्या रांगा. एका पोत्याच्या भोकात कागद कुरतडून केलेलं घरटं. भिंतीपाशी उंदीर चिकटवायचा पुठ्ठा, त्यावर चिकटलेला उंदीर कधीचाच सपाट झालेला, शेपूट बाहेर पिठावर. आणि वरच्या पोत्यावर चाळण, तिच्यात आज सकाळचं ताजं पीठ. म्हणजे पीठ इथूनच जात होतं, रोज.

बारीकबाई बाहेर धावल्या, मागच्या मोरीवर ओकल्या, चूळ भरली, तोंड पुसलं आणि परत आत आल्या.

"तुम्ही बाहेर बसा ना बाई, खुर्ची देतो," मालक मऊ आवाजात म्हणाला. "तुम्हाला सोसत नाही."

"मला पट्टी धरायचीय," बारीकबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून कार्यालयातली स्टीलची पट्टी काढली आणि लेंड्यांशेजारी पिठावर ठेवली. त्यासाठी त्यांना गुडघ्यावर बसावं लागलं. चप्पल पिठात रुतली, बोटांना ओलं लागलं. सर्दीवाल्यांनी फोटो काढला. "अजून जवळून," त्या म्हणाल्या. "अजून. हलला. परत काढा."

कार्यालयात आल्यावर त्यांनी आधी सगळ्या फोटोंची नक्कल पेन ड्राइव्हवर काढली, लिफाफ्यात घातली, लिफाफ्यावर दोघांच्या सह्या. मग काळी खिडकी उघडून बसल्या. शंभरची अट होती ती होतीच. पण कुठल्या फोटोचं शंभर, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी नणंदेला फोन केला. "अख्खा फोटो बारीक न करता कापता येतो का?"

"येतो की. आडवे चार, उभे तीन, असे बारा तुकडे एका हुकुमात पडतात. तुकडा लहान, म्हणून दर्जा पंचवीसवर उतरवावा लागत नाही, सत्तरलाच भागतं."

पोर्टलवर एका प्रकरणाला साठ फाइलींची मुभा होती. बारीकबाईंनी सगळे फोटो एकेक करून उघडले, पडदाभर मोठे करून बघितले आणि त्यातले पाच निवडले. पाचाचे साठ तुकडे झाले. एकही शंभरच्या वर नाही. तुकड्यांना ओळीनं क्रमांक दिले आणि चढवले.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. "हा काय प्रकार?"

"शंभरच्या आत आहेत साहेब, सगळे."

"हे असं कापून कुणी करतं का?"

"तुम्ही लिहून द्या, कापू नका म्हणून. मी थांबते."

साहेबांनी लिहून दिलं नाही.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर झाली. बारीकबाई साक्षीदार म्हणून तीन मजले चढल्या आणि घामाघूम होऊन बसल्या. वकिलांनी पुन्हा मनुकांपासून सुरुवात केली. अधिकारी वयस्कर होते, समोर चहाचा कप. ते म्हणाले, "शेजारी पट्टी आहे वकीलसाहेब. आणि मनुकांच्या मधून पावलं कुणाची गेलीत?"

वकील पुढे सरकले. एकतिसाव्या तुकड्यात पिठावर एक लांब, करडी, वळलेली रेघ दिसत होती. "हा पोत्याचा दोरा आहे," वकील म्हणाले. "सुटलेला."

"पुढचा लावा," अधिकारी म्हणाले.

बत्तिसाव्या तुकड्यात तो दोरा जिथं जोडलेला होता ते होतं. अधिकाऱ्यांनी चहाचा कप उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. मालक खाली बघून आपली नखं बघत राहिला.

बेकरी दोन महिने बंद राहिली. मग नव्या फरशा बसवून उघडली, मालक तोच. साहेबांना काही झालं नाही. शंभरचा आग्रह त्यांनी सोडला, तोही तोंडीच. गुरुवारचा डबा बंद झाला, त्याबद्दल दोनचार जण बारीकबाईंशी महिनाभर नीट बोलले नाहीत.

बारीकबाई अजून तेच काम करतात. ओळ टाकतात, सत्तरवर, मूळ फोटोंची नक्कल ठेवून. झाल्यावर प्रत्येक फोटो उघडून बघतात आणि घरी जाऊन शितं पसरतात. एक्केचाळीस जागांची यादी त्यांनी हातानं लिहून काढली आहे. दर सोमवारी ती साहेबांसमोर ठेवायची आणि फेरतपासणीसाठी दोन नावांवर सही मागायची, ती कधी मिळायची, बहुतेकदा नाही. वर्ष संपेपर्यंत एकोणीस झाल्या, त्यातल्या अकरांत घाण निघाली. बावीस राहिल्यात. तिथं लोक रोज जेवतात.

त्यातली एक खानावळ कार्यालयाच्या समोरच आहे, साहेबांचं दुपारचं जेवण तिथून येतं. बारीकबाईंनी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. साहेब घास तोंडाशी धरून थांबले आणि म्हणाले, "फोटो आहे का?"

फोटो होता, पंचवीसचा. त्यांनी तो उघडून दाखवला. त्यात भिंत गुळगुळीत होती, कढई चकचकीत होती, सगळं स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी मान डोलावली आणि घास तोंडात घातला.